कचऱ्याचा माल कसा होतो?

मराठी घरात रद्दीची जागा ठरलेली असते. कुठं टीपॉयखाली, कुठं दिवाणाच्या पोटात, कुठं माळ्यावर. वर्तमानपत्र वाचून झालं की घडी घालून तिथं जातं, पुरवणीसकट. गठ्ठा गुडघ्याएवढा झाला की सुतळीनं बांधायचा आणि खालून रद्दीवाल्याची आरोळी आली की बाल्कनीतून त्याला वर बोलवायचं. मग तराजूवर नजर, भावावरून रुपया-दोन रुपयांची घासाघीस, आणि हातात आलेल्या नोटा फ्रीजवरच्या डबीत. हे सगळं करायला कुणालाही व्याख्यान द्यावं लागत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलालाही वर्तमानपत्र कुठं ठेवायचं ते ठाऊक असतं.

आता त्याच घरातला कचऱ्याचा डबा उघडून बघा. कांद्याच्या सालींत शॅम्पूची बाटली रुतलेली असते. तिच्यावर चहाचा चोथा, त्यात दह्याचा प्लास्टिकचा कप, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. घर तेच, हातही तेच. वर्तमानपत्राच्या बाबतीत काटेकोर असलेली माणसं शॅम्पूच्या बाटलीच्या बाबतीत इतकी बेफिकीर कशी?

'लोकांना शिस्त नाही' हे उत्तर इथं चालत नाही, कारण शिस्त तर टीपॉयखाली घडी घालून ठेवलेली दिसते आहे. मग रद्दीत असं काय आहे जे बाटलीत नाही? हे नीट समजलं, तर एखाद्या सोसायटीला, वाडीला किंवा छोट्या गावाला पुनर्वापराची सवय कशी लावायची याचं बरंचसं उत्तर मिळतं.

रद्दीची चार गुपितं

रद्दी एकाच जातीची असते. गठ्ठ्यात फक्त कागद असतो. ती कोरडी असते, म्हणून महिनाभर घरात राहिली तरी वास मारत नाही. तिची जागा ठरलेली असते, म्हणून रोज विचार करावा लागत नाही. आणि ती नेणारा माणूस ठरलेला असतो. तो नेतो, तोलतो, पैसे देतो आणि ती पुढं कुठंतरी कामी येणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

या चारही गोष्टी जुळल्या की भंगाराच्या धंद्यातली माणसं त्या वस्तूला 'कचरा' म्हणत नाहीत, 'माल' म्हणतात. चारपैकी एक निसटली की माल पुन्हा कचरा होतो. वर्तमानपत्राचा तोच गठ्ठा पावसात भिजू द्या किंवा त्यावर आमटी सांडू द्या, रद्दीवाला हात लावायचा नाही.

दुधाची पिशवी या दोन जगांच्या मधोमध आहे. काही घरांत ती धुऊन, उलटी करून, ओट्यावरच्या फरशीला चिकटवून किंवा कपड्यांच्या चिमट्याला लावून वाळवली जाते. काही घरांत कापली की तशीच डब्यात जाते. म्हणजे पिशवीच्या बाबतीत चार गुपितांपैकी काही जुळतात, काही जुळत नाहीत. ती नेमकी कुठं अडते, ते पुढं बघू.

मिसळीतून फरसाण परत काढून दाखवा

मटकीची उसळ, फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे सगळं वेगवेगळ्या भांड्यांत असतं तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र किंमत असते. एकदा मिसळ झाली की फरसाण परत काढून डब्यात भरता येत नाही. काढलंच तरी ते रश्शात भिजलेलं असणार. कचऱ्याचं गणित हेच आहे. वेगळं ठेवायला घरात दोन सेकंद लागतात. मिसळ झाल्यावर वेगळं करायला कुणाला तरी तासन्‌तास हात घाण करावे लागतात आणि तरीही जे हाती लागतं ते अर्ध्या किमतीचं असतं.

कागदाचंच घ्या. कागद पुन्हा बनवायचा तर तो पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. धागे सुटे होतात आणि त्यांचीच नवी चादर पसरतात. पाण्यात शाई बरीचशी सुटते, पण तेल सुटत नाही. ते धाग्यांना धरून राहतं आणि नव्या कागदावर डाग होऊन उमटतं. म्हणून वडापाव बांधून आलेला तेलकट कागद रद्दीत चालत नाही. तो ओल्या कचऱ्यात टाकला, तर निदान त्याचं खत होतं.

काचेची तऱ्हा निराळी. फुटक्या बाटल्या भट्टीत वितळून नव्या बाटल्या होतात. पण त्यांत चिनी मातीच्या कपाचा तुकडा गेला, तर काचेच्या भट्टीच्या तापमानाला तो वितळत नाही. नव्या बाटलीत खड्यासारखा अडकतो आणि तिथून बाटली तडकते. आपल्याला कपही फुटका, बाटलीही फुटकी, दोन्ही सारखेच वाटतात. भट्टीला तसं वाटत नाही.

बादलीतला एक प्रयोग

सगळ्यात मोठा गोंधळ प्लास्टिकचा. 'प्लास्टिक' हा शब्द 'धान्य' या शब्दासारखा आहे. ज्वारी, तांदूळ आणि हरभरा तिन्ही धान्यंच, पण तिन्ही एकत्र दळून भाकरी थापायला बसलात तर काय होईल ते सांगायला नको.

ही गोष्ट घरी पडताळून बघता येते. पाण्याची एक रिकामी बाटली घ्या. झाकण काढा, बाटलीचे कात्रीनं बोटाएवढे तुकडे करा. झाकण आणि तुकडे बादलीभर पाण्यात टाका आणि ढवळा, म्हणजे तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील. झाकण तरंगतं, तुकडे तळाला जातात. दिसायला एकच वस्तू, पण तिची जात दोन. बाटलीचं प्लास्टिक 'पेट' नावाचं, पाण्यापेक्षा जड. झाकणाचं प्लास्टिक दुसऱ्या कुळातलं, पाण्यापेक्षा हलकं. पुनर्वापराच्या कारखान्यांत नेमकी हीच युक्ती मोठ्या हौदात वापरतात. चुऱ्यातलं झाकण वर येतं आणि बाटली खाली बसते.

बाटलीच्या किंवा डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो, तो ही जात सांगतो. १ म्हणजे पेट. २ म्हणजे शॅम्पूच्या आणि फिनाइलच्या जाड, अपारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ मध्ये दुधाच्या पिशवीसारखं मऊ प्लास्टिक. ५ मध्ये बरीच झाकणं आणि जेवणाचे डबे. ६ म्हणजे थर्माकोलचं कूळ. आणि ७ म्हणजे 'इतर', थोडक्यात ज्यांचं कुणीच नाही ते. त्रिकोण आहे म्हणजे वस्तूचा पुनर्वापर होतोच असं मात्र नाही. तो आकडा जातीचा दाखला आहे, हमीपत्र नव्हे.

या जाती मिसळल्या की काय होतं? पेट साधारण २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी जळू लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. ही वाफ पेटच्या लांबलचक साखळ्या तोडते. माल पिवळा पडतो, कच्चा होतो, त्यात काळे ठिपके येतात. त्यातही गंमत अशी की पीव्हीसीसुद्धा पाण्यात बुडतं. त्यामुळे बादलीची युक्ती इथं हात टेकते. पेटच्या मोठ्या घाण्यात थोडंसं पीव्हीसी म्हणजे दुधाच्या पातेल्यात पिळलेलं लिंबू.

मग वेफर्सच्या चकचकीत पुड्याचं काय? त्यात प्लास्टिकचे पातळ थर आणि धातूचा त्याहून पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. वेफर्स कुरकुरीत राहतात ते त्यामुळेच. पण हे थर सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला पुडा घेत नाही. अशी वेष्टनं गोळा झालीच तर बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. उकिरड्यावर उडत राहण्यापेक्षा ते बरं, पण त्याला पुनर्वापर म्हणता येत नाही. पुडा वेगळा ठेवलेला चांगलाच, विकत न आणलेला त्याहून चांगला.

कोण किती वेळा जन्म घेतं

सोनार आजीच्या पाटल्या वितळवून नातीच्या बांगड्या करतो, तेव्हा सोन्याचं सोनंपण कमी होत नाही. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम आणि काच याच पंगतीतले. कितीही वेळा वितळवा, पुन्हा तेच. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्के ऊर्जेत जुनं ॲल्युमिनियम वितळवून होतं. रिकाम्या डबीला भंगारात चांगला भाव मिळतो, त्याचं हेही एक कारण.

कागद मात्र जुन्या गादीतल्या कापसासारखा असतो. पिंजाऱ्यानं दर वेळी पिंजला की तंतू आखूड होत जातात. कागदाचे धागेही प्रत्येक लगद्यागणिक तुटतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांना धरून ठेवणं अवघड होतं. म्हणून चांगल्या पांढऱ्या कागदाचं पुढं वर्तमानपत्र, त्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे असा उतरता प्रवास होतो. बरंचसं प्लास्टिकही असंच एकेक पायरी उतरतं. दुधाच्या पिशवीची पुन्हा दुधाची पिशवी होत नाही, पाइप होतो किंवा काळी जाड पिशवी होते.

एका घराला सहा महिने, पन्नास घरांना चार दिवस

आता दुधाची पिशवी कुठं अडते ते बघू. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण अडीच ग्रॅमची. म्हणजे एक किलो भरायला ४०० पिशव्या हव्यात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला त्यासाठी सुमारे सहा महिने लागतील. सहा महिने पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, सांभाळायच्या आणि शेवटी हातात येणार थोडेसे रुपये. बहुतेक जण कंटाळून सोडून देतात आणि त्यात त्यांची चूकही नाही. भंगारवाल्यालाही मूठभर पिशव्यांसाठी तीन जिने चढणं परवडत नाही.

आता अशीच ५० घरं घ्या. दिवसाला १०० पिशव्या. चार दिवसांत किलो, महिन्यात साडेसात किलो. तळमजल्यावर एक गोणी ठेवली, तर ती भरते आणि भंगारवाल्याची फेरी सुटते. घर तेच, पिशवी तीच, कष्ट तेवढेच. फक्त गोणी सामायिक झाली.

छोट्या वस्तीची ताकद इथं आहे. एकटं घर माल तयार करू शकतं, पण गाडीभर माल जमवू शकत नाही. शहर गाडीभर जमवू शकतं, पण त्याला प्रत्येक घरातली बाटली कोरडी ठेवता येत नाही. ३०-४० ते हजार-दोन हजार घरांची वस्ती या दोन्हींच्या मधली. माल जमण्याइतकी मोठी, आणि कुणाची पिशवी न धुता आली हे कळण्याइतकी लहान.

आधी ओल्याची सोय

सुका कचरा सुधारायचा तर सुरुवात ओल्यापासून करावी लागते, हे ऐकायला उलटं वाटतं. पण आपल्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा सालं, देठं, उरलेलं अन्न यांचाच असतो. सुक्याला भिजवणारं, त्याला वास लावणारं आणि डबा रोज रिकामा करायला लावणारं तेच. ते बाजूला गेलं की उरलेला कचरा रद्दीसारखा शहाणा होतो. आठवडाभर गोणीत राहतो, तक्रार करत नाही.

ओल्याचं खत होतं ते सूक्ष्मजीवांच्या जिवावर. त्यांना आपल्यासारखंच पोळी-भाजीचं प्रमाण लागतं. नुसत्या भाजीच्या साली टाकल्या तर ओलावा आणि नत्र जास्त होतं, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा असं कोरडं खाद्य प्रत्येक थरावर घातलं की हवा खेळती राहते. सूक्ष्मजीव कामाला लागले की मोठ्या ढिगात हात घातल्यावर ऊब लागते. तीच काम चालू असल्याची खूण. वास आला तर भुसा घाला, फारच कोरडं पडलं तर पाणी शिंपडा. रोजचा नव्वद टक्के कारभार एवढाच.

डायपर आणि सॅनिटरी पॅड ओला आणि सुका या दोन्हींत बसत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते आणि डायपर-पॅड नीट गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांनी यासाठी साधी खूण रुजवली. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. समोरचा माणूस पुडकं उघडून बघणार नाही, त्याच्या हाताला ते लागणार नाही. एका लाल ठिपक्यानं एका माणसाची किळस आणि आजार दोन्ही वाचतात.

पाच रंगांचे डबे आणि एक महिना

आमच्या सोसायटीनं एकदा फार उत्साहानं पाच रंगांचे पाच मोठे डबे आणले. प्रत्येकावर सुबक अक्षरांत पाटी. उद्घाटनाला नारळ फुटला, चहा-बटाटेवडे झाले. महिन्याभरानं बघितलं तर पाचही डब्यांत जवळजवळ सारखाच माल होता. निळ्यात भेंडीची देठं, हिरव्यात थर्माकोल. आणि उद्घाटनाच्या वड्यांच्या कागदी बश्या, त्या तर पहिल्याच दिवशी काचेच्या डब्यात जाऊन बसल्या होत्या.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. डबे फाटकापाशी होते, घरं चौथ्या मजल्यापर्यंत. हातात पिशवी घेऊन ऑफिसला निघालेला माणूस पाच पाट्या वाचत उभा राहत नाही. समोर दिसेल त्या डब्यात टाकतो आणि रिक्षाला हात करतो. वेगळं करायचं काम ओट्यापाशी होतं, फाटकापाशी नाही. ओट्याखाली दोन डबे आणि दारामागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी, एवढी सोय झाली की अर्धी लढाई घरातच संपते.

दुसरं असं, की पाच प्रकार एकदम शिकणं म्हणजे पाच पाढे एकाच दिवशी पाठ करणं. आम्ही पुढं डबे बाजूला ठेवले आणि फक्त दुधाच्या पिशव्यांची गोणी टांगली. ती जमली, मग पुठ्ठा, मग बाटल्या.

शेजारी काय करतो

सवयी बदलण्याबाबत समाजमानसशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केले आहेत. कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न या छोट्या शहरात वेस्ली शुल्ट्झ यांनी केलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या कामाचा आहे. काही घरांच्या दारांना नुसती विनंती अडकवली. काहींना विनंतीबरोबर काय चालतं, काय चालत नाही याची माहिती दिली. तर काहींना दर आठवड्याला 'तुमच्या भागातल्या इतक्या घरांनी गेल्या वेळी दिलं' किंवा 'तुमच्या घरानं इतकं दिलं' असं कळवलं. विनंती आणि माहिती यांनी फारसा फरक पडला नाही. आकडा कळलेल्या घरांनी मात्र जास्त दिलं.

आपल्याकडे हे नवं नाही. शेजारच्या दारात मोठी रांगोळी दिसली की आपलाही हात सैल सुटतो. समोरच्या बाल्कनीत आकाशकंदील लागला की आपला माळ्यावरून खाली येतो. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी आपल्या समाजात पुष्कळ नुकसान केलं आहे. निदान कचऱ्याच्या कामी ते चांगले वापरता येतात. जिन्यापाशी एक फळा लावा, 'या महिन्यात ५० पैकी ३१ घरांच्या पिशव्या आल्या' एवढंच लिहा आणि पुढच्या महिन्यात आकडा बदला. नावं लिहू नका. नाव लिहिलं की चुरस संपते आणि भांडण सुरू होतं.

आकडा लिहिताना एक खबरदारी हवी. 'बहुतेक लोक कचरा वेगळा करत नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे' असं लिहिलं तर उलटाच परिणाम होतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दगड बनलेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पुष्कळ पर्यटक तिथले तुकडे उचलून नेतात, असं सांगणाऱ्या पाटीनं चोरी कमी होण्याऐवजी वाढली, असं रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांना आढळलं. 'सगळेच नेतात' हे वाचून माणसाला लाज वाटत नाही, मुभा मिळाल्यासारखं वाटतं. आकडा लहान असेल तर वाढ लिहा: 'गेल्या महिन्यात ९ घरं, या महिन्यात १४.'

कॅलिफोर्नियातल्याच क्लेअरमाँट शहरातल्या शॉन बर्न यांच्या १९९१ मधल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. दारात टाकलेल्या पत्रकापेक्षा गल्लीतल्याच कुणीतरी दारी येऊन सांगितलं तर जास्त घरं सामील झाली. सोसायटीच्या सचिवांचं सहीशिक्क्याचं परिपत्रक आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं 'अगं, पिशवी तेवढी धुऊन देत जा, मी खाली नेतेच आहे' यांतलं कुठलं चालतं, ते सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. पण तो पुरावाही हाताशी असलेला बरा.

'पुढं जाऊन सगळं एकत्रच टाकतात'

कचरा वेगळा करायला सांगितलं की हे वाक्य ऐकू येतंच. आपण दोन पिशव्या द्याव्या आणि घंटागाडीत त्या एकाच ढिगात पडाव्यात, हे ज्यानं एकदा पाहिलं तो पुन्हा कष्ट घेत नाही. रद्दीचं चौथं गुपित इथं तुटतं: ती पुढं कामी येते याची खात्री. विश्वास आधी आणि शिस्त नंतर, असाच हा क्रम आहे.

सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला हे जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव. गेल्या दशकात तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकारानं नगरपरिषदेनं कचरा घरातच वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत, बाकीचा सुका माल आणखी वर्गवारी करून विक्रीला. यातला सगळ्यात हुशारीचा भाग वेगळाच. जिथं पूर्वी कचऱ्याचा ढीग होता, ती जागा लोकांनी येऊन बघावी अशी केली. नाकाला रुमाल लावून टाळायची जागा पाहुण्यांना दाखवायची झाली. आपली पिशवी कुठं जाते हे डोळ्यांनी दिसलं की 'एकत्रच टाकतात' म्हणायला जागा उरत नाही.

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या डोंगराळ गावानं हीच गोष्ट टोकाला नेली. वस्ती दीड हजाराच्या आसपास. २००३ मध्ये गावानं 'शून्य कचरा' जाहीर केला. तिथं घंटागाडीच नाही. ओल्याचं खत घरी, बाकीचं गावकरी स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत टाकतात. प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असतं की ही वस्तू पुढं कुठं जाते, तिचं काय होतं आणि तिच्यापासून गावाला किलोमागं किती मिळतात किंवा किती मोजावे लागतात. घरचा जमाखर्च बघावा तसा माणूस ती पाटी बघतो. जवळपास ८० टक्के कचरा असा मार्गी लागतो. २०२० पर्यंत शून्यावर यायचं उद्दिष्ट मात्र पूर्ण झालं नाही. डायपरसारख्या वस्तू उरल्याच. गावानं कितीही निवडलं तरी कारखान्यानं जे जोडलं आहे ते गाव सोडवू शकत नाही.

पुण्यानं विश्वासाचा प्रश्न माणसांतून सोडवला. १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. नावातच तिन्ही माल. तिच्यातून पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली. तिचे सभासद घरोघरी कचरा घेतात, घराकडून महिन्याची ठरावीक रक्कम घेतात आणि सुका माल विकून आलेले पैसे स्वतःकडे ठेवतात. ही रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्या हातात आपली पिशवी पडते, त्याचीच कमाई ती वेगळी राहण्यावर ठरते. मग तो ती एकत्र कशाला करेल? उलट तीच बाई दारात उभी राहून सांगते, 'ताई, बाटली ओल्यात टाकू नका.' तिच्यापेक्षा चांगला शिक्षक मिळणं कठीण.

दंड करावा का?

सभेत कुणीतरी हा मुद्दा काढतंच. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांत अर्थतज्ज्ञ युरी निझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी एक प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशिरा येणारे वाढले. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं. दंड लागल्यावर वाटू लागलं, पैसे भरतोय ना! दंड काढून टाकल्यावरही जुनी लाज परत आली नाही. सोसायटीतही किरकोळ दंड ठेवला तर काही जण तो महिन्याच्या खर्चात धरून मोकळे होतील.

पैसा उलट्या दिशेनं मात्र चांगला चालतो. काचेच्या बाटलीतलं थंड पेय घरी न्यायचं तर दुकानदार बाटलीचे पैसे अनामत ठेवून घ्यायचा आणि बाटली परत दिली की ते परत द्यायचा, हे पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. रस्त्याच्या कडेला तेव्हा अशी बाटली पडलेली दिसायची नाही. पडलीच तर कुणीतरी पोर ती उचलून दुकानाकडे पळायचं. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात २०२२ पासून सरकारी दुकानांतल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. दंडात चुकल्यावर पैसे जातात. अनामतीत आपलेच पैसे बाटलीत अडकलेले असतात, आणि आपला पैसा सोडवायला माणूस चार पावलं जास्त चालतो.

चौकट: आपल्या वस्तीत सुरुवात कशी करावी

• आधी घेणारा शोधा: जवळचा भंगारवाला किंवा कचरावेचक काय घेतो, कसं घेतो ते विचारा. तो घेत नाही ती वस्तू जमवायला सांगू नका.
• एकाच वस्तूपासून सुरुवात करा: दुधाची पिशवी किंवा पुठ्ठा. ती जमली की दुसरी.
• ओला वेगळा हवाच: खत जागेवर करता आलं तर उत्तम. प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा भुसा.
• सोय ओट्यापाशी करा: खाली पाच डबे ठेवण्यापेक्षा घरात दोन डबे आणि एक पिशवी.
• धुवा आणि वाळवा: भांडी घासून उरलेलं पाणी पुरतं. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तो तुकडा हमखास गटारात जातो.
• डायपर आणि पॅड: कागदात गुंडाळून वर लाल ठिपका.
• बल्ब, बॅटऱ्या, जुनी औषधं: ओल्यातही नाहीत, सुक्यातही नाहीत. वेगळ्या खोक्यात.
• फळा लावा: आलेल्या घरांचा आकडा आणि विकलेल्या मालाचं वजन. नावं नकोत.
• पैसे कुणाचे ते आधीच ठरवा: माल निवडणाऱ्या माणसाला मिळाले तर तोच तुमचा सगळ्यात पक्का साथीदार.

भंगाराच्या दुकानात

एकदा कुठल्याही भंगाराच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा. दोरीला बांधलेलं लोहचुंबक डब्यावरून फिरतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमच्या ढिगात. बाटली हातात घेऊन नुसती दाबली तरी तिथला माणूस आवाजावरून तिची जात सांगतो. आकडा बघायला तो ती उलटी करत नाही. आपल्या डब्यातून आलेली शॅम्पूची बाटली त्याच्या हाती पडते, तेव्हा तो आधी तिच्यावरचा चहाचा चोथा फडक्यानं पुसतो. बाटलीची किंमत त्याच्या या हाताच्या कष्टातून वजा होते.

तो चोथा तिच्यावर पडलाच नाही, तर बाटली माल होऊनच त्याच्याकडे पोचते. त्यासाठी आपल्याला पुनर्वापराचं विज्ञान पाठ करायची गरज नाही. टीपॉयखालच्या रद्दीला जे चार हक्क आपण कधीच देऊन टाकले आहेत, म्हणजे आपली जात, कोरडं अंग, ठरलेली जागा आणि ओळखीचा माणूस, तेच बाटलीला द्यायचे. या रविवारी तळमजल्यावर एक गोणी टांगून बघा. ५० घरं असतील, तर गुरुवारपर्यंत किलोभर दुधाच्या पिशव्या जमलेल्या असतील.